भोवऱ्याला शिस्त लावणारा

माझे थोरले साडू वारले, त्यानंतर कॉलेजने त्यांच्यासाठी शोकसभा घेतली. जो उठेल तो त्यांना विभागाचा ध्रुवतारा म्हणत होता. मी मागच्या बाकावर बसलो होतो. मला चारचौघांत बोलता येत नाही, आणि येत असतं तरी तिथे बोललो नसतो, कारण पहिल्या रांगेत त्यांची पत्नी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, बसली होती. पण घरी पोचतो तोच तिचाच फोन आला. म्हणाली, “भावोजी, हे सगळे कुणाबद्दल बोलत होते हो?”

तिला फोनवर मला काही नीट सांगता आलं नाही. म्हणून हे लिहितो आहे. लिहिण्याची सवय नाही, तेव्हा कमीजास्त होईल ते सांभाळून घ्यावं.

‘ध्रुव’ हे नाव त्यांना कॉलेजातल्या मुलांनी ठेवलं होतं. पुढचा ‘तारा’ शोकसभेत चिकटवला गेला. साडू इंजिनिअरिंग कॉलेजात फ्लुइड मेकॅनिक्स शिकवत, पुढे विभागप्रमुख झाले. मी त्याच कॉलेजात गणित शिकवत असे. त्यांचा जीव एकाच प्रकरणावर होता: ध्रुवीय सहनिर्देशक वापरून पाण्याच्या साध्या प्रवाहांचं वर्णन. प्रकरण खरोखर देखणं आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. एरवी आपण जागा सांगताना म्हणतो, इतकं उजवीकडे आणि इतकं वर. ध्रुवीय पद्धतीत मध्ये एक बिंदू धरतात. त्याला ध्रुव म्हणतात, आरंभबिंदूही म्हणतात. मग कुठलीही जागा दोन गोष्टींत सांगून होते: त्या बिंदूपासून किती लांब, आणि कुठल्या कोनात. ज्या पाण्याला मध्य असतो त्याला ही पद्धत मापाने शिवलेल्या सदऱ्यासारखी बसते. जमिनीतून उसळणाऱ्या झऱ्याचं पाणी मध्यापासून फक्त लांब जातं. मोरीच्या भोकाकडे ओढलं जाणारं पाणी मध्याकडे फक्त येतं. भोवऱ्यातलं पाणी मध्याभोवती फक्त फिरतं. तिन्ही ठिकाणी एका ओळीत काम भागतं, आणि तिन्ही ठिकाणी नियम सारखाच: मध्याजवळ वेग जास्त, लांब जावं तसा कमी.

पंचाईत होते ती सरळ वाहणाऱ्या पाण्याची. कालव्याचं पाणी नाकासमोर चाललेलं असतं. तेच ध्रुवीय पद्धतीने मांडलं, की ते आधी बिंदूकडे येतं, मग बिंदूच्या कडेने वळसा घातल्यासारखं करतं, मग बिंदूला सोडून जातं. प्रत्येक कोनाला वेगळा आकडा. गणितात चूक काहीच नसते. पाणी मात्र आपल्या वाटेने सरळच जात असतं आणि त्या बिंदूची त्याला खबरही नसते.

माझ्या साडूंनी सगळ्या जगाकडे याच पद्धतीने पाहिलं, बिंदूच्या जागी स्वतः उभं राहून. शेजाऱ्याने घराला रंग दिला, तर तो यांना खिजवायला. प्राचार्यांनी वेळापत्रक बदललं, तर ते यांचा तास मधल्या सुट्टीनंतर, मुलं पेंगत असतात तेव्हा, यावा म्हणून. मुलगा शिकला, त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, तो गेला.

“मला सोडून गेला,” साडू म्हणाले.

“अहो, तो नोकरीला गेलाय,” मेहुणी म्हणाली.

“पण गेला कुठून? माझ्यापासूनच ना?”

त्यांच्या घरात पंखासुद्धा खोलीच्या मध्यावर नव्हता. तो त्यांच्या खुर्चीच्या डोक्यावर होता. वायरमनने छताच्या मधोमध खूण केली होती, ती यांनी पुसायला लावली. बाकीची मंडळी घाम पुसत जेवायची आणि साडू मधूनच म्हणायचे, “काय मस्त वारा आहे नाही आज?”

असा माणूस घरातल्या घरात राहिला असता तर त्याचा त्रास घरापुरता झाला असता. पण त्यांना विभाग मिळाला, आणि विभागाला टाकी मिळाली.

टाकी गोल होती, दोन माणसं हात पसरून उभी राहतील एवढी रुंद, कमरेइतकी खोल. तळ लोखंडी, पांढरा रंगवलेला, आणि भिंत जाड पारदर्शक प्लॅस्टिकची, म्हणजे आतलं पाणी बाजूनेही दिसावं. कडेच्या नळीतून पाणी तिरकं आत सोडायचं, तळाच्या भोकातून बाहेर जाऊ द्यायचं, की थोड्या वेळाने मध्ये छान भोवरा तयार होतो आणि त्याला हवेचा डोळा पडतो. उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष येणार होते. अध्यक्षांनी फीत कापायची, एवढाच बेत होता. पण साडूंना फीत पुरेशी वाटेना. त्यांनी एक जाड पितळी खिळा करवून घेतला आणि टाकीच्या तळाला अगदी मधोमध, अध्यक्षांच्या हातून, स्क्रूसारखा फिरवून बसवला.

“हे मी नक्की काय बसवतोय?” अध्यक्षांनी रिकाम्या टाकीत वाकल्या वाकल्या विचारलं.

“आरंभबिंदू, साहेब. आता इथून सगळं मोजलं जाणार.”

अध्यक्ष खूश झाले. टाळ्या पडल्या. खिळ्याभोवती निळ्या रंगाने एकात एक वर्तुळं काढलेली होती आणि कोनांच्या रेषा ओढलेल्या होत्या. वरून पाहिलं की नेमबाजीचा फळाच वाटायचा.

आता गंमत अशी, की भोक मधोमध नव्हतं. मधोमध असणं शक्यच नव्हतं, कारण टाकीच्या खाली, बरोबर मध्यावरून, स्टँडची आडवी पट्टी जात होती. टाकी बनवणाऱ्याने कामाच्या वेळी विचारलंही होतं, की भोक कुठे पाडू. साडू तेव्हा वर्तुळांच्या रंगाची छटा निवडण्यात गुंतले होते. “खालचं तुमचं तुम्ही बघा,” म्हणाले. त्याने बघितलं. वीतभर बाजूला भोक पाडलं आणि निघून गेला. भोवरा काही अध्यक्षांना ओळखत नव्हता. तो भोकावर पडू लागला.

त्यामुळे झालं काय, की निळ्या वर्तुळावर भोवऱ्याचा वेग मोजला, तर जिथे वर्तुळ भोकाजवळून जातं तिथे वेग भलताच जास्त आणि पलीकडच्या बाजूला अगदी कमी. पुस्तक म्हणणार, एका वर्तुळावर वेग सगळीकडे सारखा. हे पहिल्याच दिवशी दिसलं. आणि पहिल्याच दिवशी विभागाने त्यावर उपायही शोधला. आमच्या व्यवसायात त्याला ‘रीडिंग बसवणं’ म्हणतात. आधी सूत्रावरून उत्तर काढायचं, मग त्याला शोभतील अशी रीडिंग उलटी लिहून काढायची, आणि अगदीच खोटी दिसू नयेत म्हणून शेवटचा आकडा इकडेतिकडे करायचा. पुढच्या वर्षीची मुलं मागच्या वर्षीच्या मुलांची रीडिंग उतरवत. तिथल्या प्राध्यापकांनी स्वतः विद्यार्थी असताना हेच केलेलं, त्यामुळे सगळे मूग गिळून बसत. शेवटी शेवटी तर मुलं टाकीत पाणीही भरेनाशी झाली. कोरड्या टाकीजवळ उभं राहून भोवऱ्याचे वेग लिहायची. आणि साडू प्रत्येक वहीवर समाधानाने सही करायचे, कारण प्रत्येक वहीत खिळा बरोबर ठरत होता.

हे असंच चालू राहिलं असतं. पण विभागात एक बाई होत्या. त्यांना सगळे ‘नवीन बाई’ म्हणत. त्या येऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण त्या कायम झालेल्या नव्हत्या, म्हणून नवीन. दर उन्हाळ्यात त्यांना तीच मुलाखत पुन्हा द्यावी लागे आणि दरवेळी साडू त्यांना विचारत, “मग, आमच्याकडे का यावंसं वाटलं?” आता संस्थेने नियम काढला होता, की डॉक्टरेट नसलेल्यांना पुढच्या वर्षी मुलाखतीलाही बोलावणार नाही. बाईंचा प्रबंध भोवऱ्यावर होता, गाईड साडू होते, आणि गाईडच्या सहीशिवाय प्रबंध सादर होत नाही. त्या एका सहीवर बाईंची नोकरी अडकली होती.

बाईंनी एक अपराध केला. त्यांनी टाकीत पाणी भरलं. आठवडेच्या आठवडे त्या प्रयोगशाळेत उभ्या राहून खरोखरची रीडिंग घेत होत्या. मग एक दिवस त्या विभागप्रमुखांच्या खोलीत गेल्या. मी तिथे चहाला बसलो होतो, म्हणून हे संभाषण मला ऐकायला मिळालं.

“सर, भोवऱ्याचा डोळा खिळ्यावर नाहीये.”

“मग कुठे आहे?”

“भोकावर. वीतभर डावीकडे.”

“डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे?”

“खिळ्याच्या.”

“बघा!” साडूंनी बशी खाली ठेवली. “म्हणजे शेवटी मोजलंत खिळ्यापासूनच ना!”

बाईंनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, “सर, आरंभबिंदू आपणच ठरवायचा असतो. तो डोळ्यावर घेतला की रीडिंग आपोआप बसतात. बसवावी लागत नाहीत.”

“म्हणजे उद्या भोवरा इकडे गेला की बिंदू इकडे, तिकडे गेला की बिंदू तिकडे. मग त्याला आरंभबिंदू कशाला म्हणता? फेरीवाला म्हणा.”

“पण सर, पाणी तर...”

“पाण्याचं मला सांगू नका, बाई. आयुष्यभर पाण्यालाच शिकवत आलोय.”

हे त्यांच्या तोंडून घाईत निसटलं, पण मला ते अगदी खरं वाटलं. पाण्याला त्यांनी खरंच पुष्कळ शिकवलं होतं.

बाई गेल्यावर ते माझ्याकडे वळले. “बघितलंत, गणिती? माझ्या हाताखाली शिकून माझाच खिळा उपटायला निघाली.” बाईंनी खिळा उपटायचं नावही काढलं नव्हतं. खिळा होता तिथेच राहणार होता, कागदावर फक्त दुसरीकडून मोजायचं होतं. पण त्यांच्या हिशेबी जगात दोनच प्रकारची माणसं होती: त्यांच्याकडे येणारी आणि त्यांच्या विरोधात जाणारी. सरळ जाणारी त्यांनी कधी पाहिलीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जे ठरवलं ते फक्त तेच ठरवू शकत होते. बिंदू भोवऱ्याकडे जाणार नाही. भोवरा बिंदूकडे येईल.

प्रयोगशाळेत एक मिस्त्री होता, तोंडाने फटकळ. त्याला हुकूम झाला, की टाकीचा एक पाय उचलून खाली पाचर घाल, म्हणजे पाणी खिळ्याच्या बाजूला झुकेल. त्याने पुठ्ठ्याची घडी घातली. भोवरा जागचा हलला नाही. मग लाकडाची पाचर. मग दोन. मग जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणले, कारण ते हवे तेवढे होते.

“अजून एक घाल,” साडू वरून बघत म्हणाले.

“सर, टाकी कलेल.”

“कलू दे. डोळा सरकतोय.”

मिस्त्री पाठ चोळत उभा राहिला आणि बाईंकडे बघून म्हणाला, “नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणणारे पुष्कळ बघितले. अंगण वाकडं करून नाचणारे आजच बघतोय.”

साडूंना ते ऐकू गेलं की नाही, सांगता येत नाही. त्यांचं लक्ष डोळ्यावर होतं.

पाचरीने भागलं नाही तेव्हा पाणी सोडायच्या नळीचं तोंड फिरवलं. मग पत्र्याचा एक तुकडा तारेने बांधून पाण्यात उभा लोंबकळत ठेवला, भोवऱ्याला आडकाठी म्हणून. कललेल्या टाकीतून पाणी काठावरून सांडू लागलं. मुलं पँट दुमडून प्रयोगशाळेत येऊ लागली. एकाने तर चपला दाराबाहेर काढून ठेवल्या, त्या वाहत जिन्यापर्यंत गेल्या. साडू कामचुकार होते असं कुणी म्हणू नये. मी स्वतः त्यांना बाह्या सारून टाकीतल्या कमरेइतक्या पाण्यात उतरलेलं पाहिलं आहे, या वयात, हातात तार आणि तोंडात पेन्सिल. एवढ्या मेहनतीत माणूस नवीन विहीर खणतो. यांनी ती सगळी वीतभर अंतरावर घालवली.

घरी जेवताना विषय तोच. “आज आला होता खिळ्यावर,” एकदा म्हणाले. “चहा येईपर्यंत होता.”

“मग चहा कशाला मागवलात?” मेहुणीने विचारलं.

“अगं, चहाने नाही गेला तो!”

“मी आपलं म्हटलं, तुमची पाठ वळली म्हणून गेला असेल.”

साडू विचारात पडले. मला वाटतं, ती शक्यता त्यांनी मनात नोंदवून ठेवली.

शेवटी एकदाचा भोवरा आला. म्हणजे वरून बघितलं, तर पाण्याच्या पृष्ठभागावर डोळा जवळजवळ खिळ्याच्या डोक्यावर दिसायचा. खाली त्याचं शेपूट मात्र तिरकं जाऊन आपल्या मूळ भोकातच शिरलेलं असायचं, कारण पाण्याला बाहेर जायला दुसरी वाटच नव्हती. बाजूने पाहिलं की तो भोवरा गर्दीत कुणाची तरी पिशवी धरून ओढत चाललेल्या माणसासारखा वाकडा दिसे. पण साडू बाजूने बघतच नसत. प्रयोगशाळेत ते एका स्टुलावर चढून उभे राहत आणि वरून बघत.

दरम्यान बाईंनी आपलं काम केलं होतं. पाचरी लागायच्या आधीची, सरळ टाकीची रीडिंग त्यांच्याजवळ होतीच. त्यांनी प्रत्येक रीडिंगची जागा खिळ्याऐवजी डोळ्यापासून पुन्हा काढली. हे काम कंटाळवाणं असतं, कारण बिंदू बदलला की नुसती अंतरं बदलत नाहीत, प्रत्येक ठिकाणची ‘बाहेर’ आणि ‘भोवती’ या दिशाही बदलतात. एका बिंदूपासूनचं ‘बाहेर’ दुसऱ्या बिंदूच्या आकड्यात तसंच मिळवलं की गणित फसतं. पुष्कळजण तिथेच फसतात. बाई फसल्या नाहीत. कागद घेऊन त्या माझ्याकडे आल्या. मी सावकाश तपासलं. वेग आणि डोळ्यापासूनचं अंतर यांचा गुणाकार सगळीकडे एकच येत होता. फक्त भिंतीजवळ थोडा बिघडत होता, आणि तिथे तो बिघडायलाच हवा.

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

“बरोबर आहे ते मला माहितीय सर,” बाई म्हणाल्या. “मला विचारायचं होतं, की तुम्ही त्यांचे साडू आहात. त्यांना सांगून बघाल का?”

मी सांगून बघितलं. त्याच रविवारी, त्यांच्याकडे जेवायला गेलो असताना. “साडूभाऊ, बिंदू कागदावर हलवला तर काय बिघडतं?”

“तुमचं बरं आहे, गणिती. तुमचा कागद असतो. कुणीही कुठेही न्यावा.” मग भाजीचं भांडं आपल्याकडे ओढून घेत म्हणाले, “आणि तुम्ही बायकोच्या माहेरच्या बाजूचे. तुम्ही माझ्या विरुद्ध जाणारच.”

“अहो, तुमचं सासर आणि त्यांचं सासर एकच आहे,” मेहुणी म्हणाली. पण विषय तिथेच संपला.

मग बाईंच्या सादरीकरणाचा दिवस आला. बाहेरगावहून परीक्षक आले होते. अंगाने बारीक, हळू बोलणारे, दर वाक्यानंतर चष्मा पुसणारे गृहस्थ. ते समाधानी झाले की गाईडने तिथेच सही करायची आणि प्रबंध पुढे पाठवायचा, अशी पद्धत होती. प्रयोगशाळेतच खुर्च्या मांडल्या होत्या. विभागातले सगळे आले होते. मला गणिताचा म्हणून बोलावलं होतं. बाईंनी सगळं नीट सांगितलं.

“आरंभबिंदू कुठे घेतलात?” परीक्षकांनी विचारलं.

“भोवऱ्याच्या डोळ्यात,” बाई म्हणाल्या.

“खिळ्यावर,” त्याच क्षणी साडू म्हणाले.

परीक्षकांनी चष्मा पुसला. “म्हणजे नक्की कुठे?”

“एकच आहे, साहेब,” साडू उठलेच. “डोळा खिळ्यावरच असतो. दाखवतो ना. मिस्त्री, पाणी सोड!”

मिस्त्रीने पाणी सोडलं. भोवरा व्हायला जरा वेळ लागला. तोवर बाई आपल्या कागदांच्या कडा जुळवत होत्या, त्या आधीच जुळलेल्या होत्या. मग डोळा पडला, डळमळला, पत्र्याला टेकला आणि खिळ्याच्या वर येऊन थांबला. साडू स्टुलावर उभे होते. “या साहेब, वर या. इथून बघा.”

परीक्षक वर चढले नाहीत. त्यांचे गुडघे दुखत असावेत, पण ते हळूहळू खाली बसले, उकिडवे, आणि पारदर्शक भिंतीतून आत पाहू लागले. बराच वेळ पाहत राहिले.

“हे शेपूट कुणाचं?” त्यांनी विचारलं.

मागे कुणीतरी खोकल्याचं सोंग केलं.

“शेपटाकडे काय बघायचं साहेब,” साडू वरून म्हणाले. “डोळा बघा, डोळा!”

परीक्षकांनी टाकीच्या पायाखालचे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पाहिले. पत्र्याचा तुकडा पाहिला. मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने छताकडे पाहिलं. मग ते उठून बाईंना म्हणाले, “तुमची रीडिंग या सगळ्याच्या आधीची आहेत ना?”

“हो सर. टाकी सरळ होती तेव्हाची.”

“मग माझ्या शंका संपल्या. चांगलं काम आहे.” त्यांनी आपली सही केली आणि कागद साडूंपुढे सरकवला. “आता तुमची.”

साडू स्टुलावरून उतरले. पेन काढलं. टोपण काढलं. आणि पुन्हा लावलं.

“माझी सही खिळ्याशिवाय होणार नाही,” ते म्हणाले.

बाईंचा चेहरा एकदम उतरला. परीक्षकांचं काम झालं होतं, ते आग्रह करू शकत नव्हते. विभागातल्यांनी नेहमीसारखं जमिनीकडे पाहिलं, आणि तिथे पाहण्यासारखं पाणी भरपूर होतं. मी तोंड उघडलं. साडू माझ्याकडे न बघताच म्हणाले, “गणिती, तुम्ही नको.”

“सर,” बाई म्हणाल्या, “तुम्हाला नक्की काय हवंय?”

“एवढी वर्षं इथून मोजलं गेलं. तुमच्या प्रबंधात खिळ्याचं नावही नाही. माझं आहे, ते गाईड म्हणून, पहिल्या पानावर, सगळ्यांचं असतं तसं. माझा आग्रह काय होता, तो कुठे आहे? तो यायला नको?”

मग मला पहिल्यांदाच कळलं, की बिंदू कुठे आहे याची या माणसाला फारशी पर्वा नव्हती. तो त्याचा आहे, हे कुठेतरी लिहिलेलं असलं म्हणजे झालं. यासाठी टाकी कलली होती, मुलं भिजली होती आणि एका बाईच्या पोटावर पाय येत होता.

बाईंना ते माझ्याआधी कळलं असावं. त्यांनी आभाराचं पान काढलं, टेबलावर ठेवलं आणि उभ्या उभ्याच शेवटी दोन ओळी लिहिल्या. पान साडूंपुढे धरलं. साडूंनी मोठ्याने वाचलं: “आरंभबिंदू खिळ्यावरच राहिला पाहिजे, हा सरांचा आग्रह शेवटपर्यंत कायम होता. त्या आग्रहामुळेच, बिंदू कुठे असायला हवा याचा शोध मला घ्यावा लागला.”

परीक्षकांनी चष्मा काढला आणि तो पुसतच राहिले.

साडूंनी दुसऱ्यांदा वाचलं, या वेळी मनात. चेहरा हळूहळू खुलला. पेन उघडलं, ‘आग्रह’च्या आधी आपल्या हाताने ‘ठाम’ हा शब्द घातला, आणि मग दोन्हीकडे, पानावर आणि प्रबंधावर, झोकदार सही ठोकली.

“असं हवं,” म्हणाले. “आता कसं शास्त्रीय झालं.”

बाई कायम झाल्या. बांधलेला प्रबंध विभागात आला, त्याची एक प्रत साडू घरी घेऊन आले, आणि त्या रविवारी आम्ही जेवायला गेलो तेव्हा ते पान त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं. जेवणाआधी एकदा, जेवताना एकदा. ‘ठाम’वर जरा थांबून.

मेहुणी वाढता वाढता ऐकत होती. म्हणाली, “म्हणजे तुम्ही अडून बसला नसता, तर त्या बाईंना शोध लागलाच नसता?”

“नसताच लागला!”

“आणि मग त्या कायमही झाल्या नसत्या?”

“कशाच्या होतायत! अगं, सगळं माझ्यापासून सुरू झालं.”

मेहुणी भांडं उचलून घाईघाईने स्वयंपाकघरात गेली. आतून नळ पुरा सोडल्याचा आवाज आला. तरीही त्या आवाजावर तिचं हसणं ऐकू येत होतं, थांबायचं नाव घेत नव्हतं. माझी बायको पदर तोंडाला लावून तिच्या मागे गेली. मी ताटात बघत राहिलो.

“आनंद झालाय तिला,” साडू मला म्हणाले. “माझं कौतुक ऐकलं की ती अशीच आत जाते.”